आहेराच्या पाकिटावरचा एक रुपया

सांगलीच्या बाजारात आहेराची पाकिटे मिळतात. लाल-केशरी रंग, वर गणपतीचे चित्र आणि कोपऱ्यात चिकटवलेले एक रुपयाचे खरे नाणे. आत पाचशेची नोट घातली की पाचशे एक होतात. शून्यावर थांबलेली रक्कम शुभकार्याला देऊ नये, तो वरचा रुपया घेणाऱ्याच्या घरात वाढत जावा, अशी त्यामागची भावना आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक असते. असे एक पाकीट मी ऑक्टोबर २०२५ मध्ये बॅगेत घालून चीनला नेले. ग्वांगडोंग प्रांतातील फोशान या शहरात आमच्या यंत्रपुरवठादाराच्या मुलीचे लग्न होते. निघण्यापूर्वी हॉटेलच्या लॉबीत बसून मी त्या पाकिटात शंभर युआनच्या पाच करकरीत नोटा घातल्या आणि काहीशा अभिमानाने ते आमच्या दुभाषी मुलीपुढे धरले. तिने आधी गणपतीचे कौतुक केले, मग नाण्यावर बोट ठेवून हे कशासाठी, असे विचारले. मी सगळे समजावून सांगितले. ते ऐकून ती काही वेळ गप्पच राहिली आणि मग अगदी हळू आवाजात म्हणाली, ‘‘काका, अशी रक्कम आमच्याकडे मयताच्या घरी देतात.’’

हाँगकाँग आणि आसपासच्या कँटनी बोलणाऱ्या भागात शोकाच्या पाकिटातील रक्कम विषम असावी लागते, आणि ती बहुधा १०१, ३०१ किंवा ५०१ अशीच असते. दुःख एकटेच यावे, त्याने जोडीदार घेऊन येऊ नये, हा त्या वरच्या एकाचा अर्थ. आनंद मात्र जोडीने यावा, म्हणून लग्नाला सम आकडा हवा: ६००, ८०० किंवा हौस असेल तर ८८८. चारशे मात्र चुकूनही नको, कारण ‘चार’ आणि ‘मरण’ या दोन शब्दांचे उच्चार जवळजवळ सारखे आहेत. आपल्याकडे नेमके याच्या उलट आहे. शुभकार्यात वरचा रुपया आवर्जून घालायचा आणि दुःखाच्या प्रसंगी तो आठवणीने वगळायचा. मुलीने नखाने ते नाणे हलकेच काढले, पण पाकिटावर डिंकाचा गोल डाग राहिला, म्हणून शेजारच्या दुकानातून सोनेरी अक्षरांचे नवे लाल पाकीट आणले आणि त्यात मी सहावी नोट घातली. माझ्याबरोबर तासगावचे आण्णा होते. त्यांनी ते नाणे उचलून खिशात टाकले आणि म्हणाले, ‘‘चला, रुपया तरी वाचला.’’

माझे कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत लहानसे वर्कशॉप आहे. हळद पॉलिश करण्याचे ड्रम आणि बेदाणा प्रतवारीची यंत्रे आम्ही बनवतो. आण्णांचा तासगावला बेदाण्याचा व्यवसाय आहे. बेदाण्याचा रंग कॅमेऱ्याने पारखून डागी मणी हवेच्या झोताने बाजूला उडवणारे कलर सॉर्टर यंत्र आणि त्याला जोडून पॅकिंगचे यंत्र घ्यावे, या हेतूने आम्ही दोघे २०२३ च्या शरद ऋतूत प्रथम चीनला गेलो. त्यानंतर आणखी दोनदा जाणे झाले. निघण्यापूर्वी लोकांनी आम्हाला झुरळे, विंचू, बेडूक यांच्या पुष्कळ गोष्टी सांगितल्या होत्या. त्यांतले काहीही आम्हाला आडवे आले नाही, कारण जे परके दिसते त्याच्यापुढे माणूस आपोआप सावध होतो. आमच्या चुका झाल्या त्या घरच्यासारख्या वाटणाऱ्या गोष्टींत. तिथे आम्ही विचारायचेसुद्धा थांबलो होतो. जे व्यापारासाठी किंवा सहज हौसेने तिकडे जातील, त्यांना हे वाचून एखादी फजिती टाळता आली तर बरे.

सुरुवात जेवणाच्या टेबलापासून करतो, कारण चीनमधला व्यवहार कार्यालयात जितका होतो त्यापेक्षा जास्त त्या गोल टेबलावर होतो. पहिल्याच मेजवानीत आण्णांनी सांगलीच्या रीतीप्रमाणे नम्रपणे दाराजवळची, दाराकडे पाठ असलेली खुर्ची धरली. त्याबरोबर यजमानांकडची सगळी मंडळी उठून उभी राहिली. दारासमोरची, दार दिसेल अशी जागा मानाची असते. यजमान किंवा मुख्य पाहुणा तिथे बसतो, आणि दाराशी पाठ करून बसतो तो सर्वांत कनिष्ठ माणूस, ज्याला वाढप्याला हाका मारायच्या असतात आणि बिलाचे पाहायचे असते. वयाने सर्वांत मोठा माणूस तिथे जाऊन बसल्यावर यजमानाची केवढी पंचाईत होते, हे आपण आपल्याकडे पाटावर बसलेल्या मुलांच्या पंगतीत व्याही जाऊन बसले तर काय होईल, यावरून ताडावे. पुढची पाच मिनिटे ‘तुम्ही इकडे’, ‘छे छे, इथेच बरे आहे’ यात गेली. त्या आग्रहाची पद्धत मात्र इतकी आपल्यासारखी होती की दुभाष्याची गरजच पडली नाही.

नंतर माझी पाळी आली. पानात अन्न टाकायचे नाही, हे लहानपणी आजीच्या धाकाने अंगात मुरलेले. त्यामुळे समोर येईल ते मी निपटून संपवत होतो, आणि मी जितके संपवावे तितके यजमान नवे पदार्थ मागवत होते. ताट रिकामे होणे म्हणजे पाहुण्याचे पोट भरले नाही आणि यजमान कमी पडला, असा तिथला जुना समज आहे. शेवटी थोडे शिल्लक ठेवले की तृप्तीची पावती मिळते. आता यातही बदल होत आहे. अन्नाच्या नासाडीविरुद्ध चीनने एप्रिल २०२१ मध्ये कायदाच केला, आणि तरुण मंडळी उरलेले अन्न डब्यात भरून घरी नेतात. तरीही मेजवानीत शेवटचा घास पाहुण्याने स्वतःहून उचलू नये, एवढे लक्षात ठेवावे. चॉपस्टिक भाताच्या वाटीत उभ्या खोचू नयेत, कारण मृतांसमोर ठेवलेल्या भातात उदबत्त्या तशाच खोचतात.

दारूचा विषय टाळता येत नाही. बायज्यू नावाचे त्यांचे मद्य प्रामुख्याने ज्वारीपासून करतात. आपल्या शाळूच्या या पोटभाईत अल्कोहोलचे प्रमाण अनेकदा पन्नास टक्क्यांच्या वर असते, आणि ‘गानबेई’ म्हणजे पेला कोरडा करायचा. आम्ही दोघे न पिणारे. आम्हाला वाटले, नकार दिला की सौदा बिघडेल. पण ‘मद्याऐवजी चहा’ असा रूढ वाक्प्रचार तिथे आहे आणि चहाचा पेला उंचावून उभे राहिले तर कुणाचा अपमान होत नाही. एवढेच की, पेल्याला पेला लावताना आपल्या पेल्याची कड वडीलधाऱ्याच्या पेल्याच्या कडेपेक्षा खाली ठेवायची. ही खूण मला फार आवडली. वाकून नमस्कार करण्याऐवजी पेलाच वाकतो.

आता चहाचे. आपला ‘चहा’ हा शब्द चिनी ‘छा’चाच वंशज, आणि आमच्या भागात खेड्यांत अजून ‘च्या’ म्हणतात, तेव्हा ग्वांगझोऊच्या उपाहारगृहात ‘च्या’ असे म्हणून आण्णांनी किटली मागवली आणि ती आली, याचे त्यांना सोडून कुणालाच नवल वाटले नाही. पण ओतण्याची रीत वेगळी. आपल्याकडे कप काठोकाठ भरून थोडा बशीत सांडला म्हणजे प्रेम दिसले. तिकडे चहा सात भाग आणि मद्य पूर्ण, असा दंडक आहे. काठोकाठ भरलेला गरम कप पाहुण्याला धरता येत नाही, म्हणून तो त्याला घालवून देण्याचा प्रकार मानतात. मी कारखान्याच्या मालकांचा कप मोठ्या मायेने तुडुंब भरला. त्यांनी हसून त्यातला थोडा दुसऱ्या कपात ओतला आणि मग टेबलावर दोन बोटांनी टक् टक् केले. मला वाटले, हे उतावीळ झाले आहेत, कारण आपल्याकडे टेबलावर बोटे वाजवणारा माणूस ‘आटपा लवकर’ असेच सांगत असतो. प्रत्यक्षात ते माझे आभार मानत होते. अठराव्या शतकातील छिएनलोंग सम्राट वेषांतर करून दक्षिणेत फिरत असताना त्याने आपल्या सेवकांना स्वतः चहा ओतला. दंडवत घातला तर बिंग फुटले असते, म्हणून सेवकांनी बोटे वाकवून टेबलावर टेकवली, अशी दंतकथा तिकडे सांगतात. दंतकथा खरी असो वा नसो, दक्षिण चीनमध्ये ही खूण रोजच्या व्यवहारात आहे. किटली रिकामी झाली तर तिचे झाकण तिरके करून ठेवायचे, वाढपी न बोलावता पाणी घालून जातो.

आण्णा जैन आहेत, कांदा-लसूणही खात नाहीत. त्यांच्या पिशवीत भडंग, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती, आणि बारा दिवस त्यावरच काढायचे, असा त्यांचा निर्धार होता. ‘भाजीचेच द्या’ असे सांगून चीनमध्ये भागत नाही, कारण भाजी डुकराच्या चरबीत परतलेली असू शकते किंवा तिच्यात ऑयस्टर सॉस असतो, आणि स्वयंपाक्याच्या लेखी ती तरीही भाजीच असते. तिसऱ्या दिवशी ग्वांगझोऊच्या जुन्या भागात फिरताना आण्णा एका दुकानाच्या पाटीसमोर थबकले. पाटीवर स्वस्तिक होते. जवळ जाऊन त्यांनी निरखून पाहिले आणि म्हणाले, ‘‘हाय आपलंच, पण उलटं फिरलंय.’’ खरेच, मंदिरात ते रोज तांदळाने काढतात त्या स्वस्तिकाच्या भुजा उजवीकडे वळतात आणि चिनी बौद्धांच्या स्वस्तिकाच्या बहुधा डावीकडे. ते बौद्ध शाकाहारी उपाहारगृह होते. चिनी बौद्ध परंपरेतील शाकाहारात मांस-मासळीबरोबर कांदा, लसूण आणि त्यांच्या जातीच्या उग्र वासाच्या भाज्याही वर्ज्य असतात. सहा हजार किलोमीटरचा वळसा घालून आल्यावर कांदा-लसणाविना रांधणारा स्वयंपाकी भेटला, हा आनंद आण्णांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. तेवढ्यात वाढप्याने समोर एक अख्खा मासा आणून ठेवला. खवले, शेपटी, वर तिळाचा डोळा. आण्णा खुर्चीवरून ताडकन उठले. मासा सोयाबीनच्या दुधाच्या सायीचा होता. अशा पदार्थांचे तिथे मोठे शास्त्रच आहे, पण आण्णांनी त्याला हात लावला नाही. ते म्हणाले, ‘‘मनानं खाल्ल्यासारखं होतंय.’’ मशरूम जमिनीखालचे की वरचे, यावर आमची चर्चा झाली आणि तीही त्यांनी वगळली. भात, पालेभाजी आणि टोफू मात्र पोटभर जेवले. ‘वो छ्र सू’ म्हणजे ‘मी शाकाहारी आहे’, हे तीन शब्द पाठ करावेत, आणि पाटीवर ते उलटे वाटणारे स्वस्तिक दिसले तर बेलाशक आत शिरावे.

व्यापाराच्या गोष्टींत शिष्टाचाराचा बाऊ करावा असे फारसे नाही. कार्ड दोन्ही हातांनी द्यावे-घ्यावे, घेतल्यावर वाचावे आणि मागच्या खिशात कोंबू नये. आडनाव आधी येते, आणि त्यापुढे हुद्दा लावून हाक मारतात: वांग आडनावाच्या मालकाला ‘वांग झोंग’, ली आडनावाच्या व्यवस्थापकाला ‘ली जिंगली’. लग्नानंतर बायका आडनाव बदलत नाहीत, तेव्हा मालकीणबाईंना नवऱ्याच्या आडनावाने हाक मारू नये. व्हॉट्सॲप आणि गूगल तिथे चालत नाहीत. तिथे वीचॅट आणि अलीपे चालतात, पण या दोन्ही ॲप्सवर भारतात २०२० पासून बंदी आहे, तेव्हा ती इथून घेऊन जाता येत नाहीत.

करारावर आपण सही पाहतो. त्यांच्याकडे पाहायचा तो शिक्का. गोल, लाल, मध्यभागी पाच टोकांचा तारा आणि कडेने कंपनीचे पूर्ण चिनी नाव. हे नाव कंपनीच्या परवान्यावरील नावाशी अक्षरागणिक जुळले पाहिजे, परवान्यावरील अठरा अंकाक्षरांचा नोंदणी क्रमांक टिपून घेतला पाहिजे आणि पैसे त्याच नावाच्या खात्यात गेले पाहिजेत. इंग्रजी नावाला तिथे कायदेशीर वजन नाही, ते कुणीही काहीही छापते. आपल्या तलाठी कार्यालयापासून पतसंस्थेपर्यंत शिक्क्याचे महत्त्व जाणणाऱ्या माणसाला हे पटायला वेळ लागू नये. मला मात्र लागला, कारण समोरच्या विक्रेत्याचे इंग्रजी फार सफाईदार होते.

नकार ओळखणे ही खरी परीक्षा. ‘खाओल्यू, खाओल्यू’ म्हणजे विचार करू. ‘यानज्यू, यानज्यू’ म्हणजे अभ्यास करू. ‘बू फांगप्येन’ म्हणजे जरा सोयीचे नाही. ही तिन्ही उत्तरे म्हणजे ‘नाही’. समोरच्याला तोंडावर नाही म्हटले तर त्याची अब्रू जाते, आणि अब्रू जपणे, त्यांच्या भाषेत ‘म्येनझ’ राखणे, हे सौद्यापेक्षा मोठे असते. हे मला पहिल्या दिवशीच कळायला हवे होते. ‘बघू की’, ‘करू की’, ‘न करायला काय झालंय’ या शब्दांत आमच्या सांगलीचा व्यापारी आयुष्यभर नकार देत आला आहे आणि ऐकणाऱ्याला तो कळतही आला आहे. पण समोरचा परदेशी आहे म्हटल्यावर आम्ही गृहीत धरले की हा जे बोलतो ते अक्षरशः खरे असणार.

याची किंमत आम्ही मोजली. हंगाम तोंडावर आलेला, म्हणून ५ जानेवारी २०२४ रोजी तीस टक्के आगाऊ रक्कम पाठवली आणि पंचेचाळीस दिवसांत यंत्र जहाजावर चढेल का, असे विचारले. उत्तर आले, ‘मेई वनथी’, म्हणजे काही अडचण नाही. त्या साली चिनी नववर्ष १० फेब्रुवारीला होते. नववर्षाची सरकारी सुट्टी आठवडाभराची असते एवढे मी वाचले होते आणि दिवाळीच्या सुट्टीवरून अंदाज बांधला होता. आपल्याकडे लक्ष्मीपूजन झाले की पाडव्याला वही पूजन करून दुकान उघडते. तिकडे कामगार शेकडो किलोमीटरवरच्या गावाहून आलेले असतात आणि वर्षातून एकदा घरी जातात. ते दोन आठवडे आधीच निघू लागतात, आणि नववर्षानंतर पंधराव्या दिवशी कंदिलांचा सण झाल्याशिवाय अनेक कारखान्यांत पूर्ण हजेरी लागत नाही. जानेवारीच्या शेवटी मी फोन केला तेव्हा कारखान्यात पहारेकरी होता. यंत्र एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात न्हावाशेवाला लागले, सोडवून तासगावला आणून उभे करेपर्यंत मे उजाडला आणि बेदाण्याचा हंगाम संपलेला होता. तो सगळा माल आण्णांनी बायकांच्या हाताने निवडून घेतला. पुरवठादाराने खोटे सांगितले, असे मी तेव्हा पुष्कळ लोकांना सांगत फिरलो. आता मला वाटते, पाच जानेवारीला असला प्रश्न विचारणारा माणूस पाहून त्याने माझी अब्रू राखली. नववर्ष २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी यांच्या दरम्यान कधीही येते. २०२६ साली ते १७ फेब्रुवारीला आहे. मागणी नोव्हेंबरच्या आत द्यावी.

या तारखा सरकण्याचे कारण आपल्या पंचांगासारखेच आहे. महिने चंद्राचे, वर्ष सूर्याचे, आणि मेळ घालायला एकोणीस वर्षांत सात अधिक महिने. पण अधिक महिना कधी घालायचा याचे गणित वेगळे. आपला अधिक श्रावण २०२३ साली झाला, त्यांचा अधिक सहावा महिना २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये आला. आपण अधिकात लग्न करत नाही. तिकडे मात्र ज्या वर्षात अधिक महिना येतो आणि वसंतारंभाचा दिवस दोनदा पडतो, ते वर्ष लग्नाला उत्तम समजतात. मालकांनी मुलीचे लग्न २०२५ मध्ये काढले, त्यामागे हाच हिशेब होता. त्यांच्या पंचांगातही आज काय करावे आणि काय टाळावे, हे दिवसागणिक छापलेले असते. सातव्या महिन्यात पितर आणि भुकेले आत्मे पृथ्वीवर येतात, म्हणून नवे दुकान, नवे घर, लग्न टाळतात. आपला पितृपंधरवडा आणि त्यांचा सातवा महिना २०२५ साली एकाच दिवशी, २१ सप्टेंबरला संपला. त्या अमावास्येनंतर तासगावात आणि फोशानमध्ये एकदमच खरेदीला जोर आला असणार.

भेटवस्तूंबाबत थोडेच सांगतो. आपली दिवाळीची आवडती भेट, म्हणजे कंपनीचे नाव छापलेले भिंतीवरचे घड्याळ, अजिबात नेऊ नये. ‘घड्याळ देणे’ याचा चिनी उच्चार ‘अंत्यसमयी शेवटचा निरोप देणे’ यासारखाच होतो. छत्री नको, तिच्यात ताटातूट ऐकू येते. आम्ही मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून एक हातभर लांबीची शोभेची सतार आणि तासगावच्या बेदाण्याची आठ पाकिटे नेली होती. पाकिटांवर मी प्रत्येकाचे नाव हौसेने लाल शाईने लिहिले. आपण कुंकवाने ‘श्री’ काढतो, लग्नपत्रिका लाल छापतो. तिकडे लग्नाचा कागद लाल, पण माणसाचे नाव लाल शाईत लिहिणे अशुभ. दुभाषी मुलीने सगळ्या पाकिटांवर काळ्या शाईचे लेबल चिकटवले. पाहुण्यासमोर भेट उघडत नाहीत, आणि दोन-तीनदा ‘कशाला, कशाला’ म्हणून मग घेतात. इथे आपण घरीच असतो.

लग्नाच्या दिवशी आण्णा पांढराशुभ्र नेहरू शर्ट, पायजमा आणि टोपी घालून खाली आले. सांगलीत लग्नाला जाणारा प्रतिष्ठित माणूस असाच दिसतो. दुभाषी मुलीने त्यांच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता डोळे मिटले. पांढरा रंग शोकाचा. आण्णांची समजूत घालून वरून माझे मरून जाकीट चढवले आणि टोपी काढण्याबद्दल कुणी काही बोलले नाही. नवरीने आधी लाल रेशमी, सोनेरी भरतकामाचा पोशाख नेसून नवऱ्यासह आईवडिलांना आणि आजोबांना गुडघे टेकून चहा दिला. चहात वाळवलेली लाल चिनी बोरे आणि कमळाच्या बिया होत्या. प्रत्येक वडीलधाऱ्याने घोट घेऊन लाल पाकीट आणि दागिना हातात दिला. संध्याकाळच्या मेजवानीला तीच नवरी पांढऱ्या पाश्चात्त्य गाऊनमध्ये आली. पांढऱ्या रंगाची ही सवलत नवरीलाच कशी, हे मी आण्णांना सांगू शकलो नाही.

दाराशी टेबल मांडून दोन नातेवाईक आहेर घेत होते. मी दोन्ही हातांनी पाकीट दिले. त्यांनी दोन्ही हातांनी घेतले, हसून मान लववली, पाकिटाचा एक कोपरा दुमडला आणि ते पाकीट दोन्ही हातांनी मला परत केले. मागे रांग होती. दुभाषी मुलगी आत गेलेली. मी पाकीट खिशात घालून आत बसलो, आणि सबंध मेजवानीभर आपले काय चुकले, सहाशे कमी पडले की पाकिटाला डिंकाचा वास येत होता, हाच विचार करत राहिलो.

नवरीच्या आजोबांना आम्ही भारतातल्या कोणत्या भागातून आलो ते कळले, तेव्हा त्यांनी ‘के दीहुआ’ असे नाव घेतले आणि अंगठा वर केला. हे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे चिनी नाव. आमच्या शेजारच्या सोलापूरचा हा डॉक्टर १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेला, युद्धात जखमी झालेल्यांवर शस्त्रक्रिया करत राहिला, तिथेच क्वो छिंगलान या परिचारिकेशी त्याचे लग्न झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तो तिथेच वारला. शिजियाझुआंग शहरात त्याचा पुतळा आहे. आपल्याकडे हे नाव शाळेच्या पुस्तकापुरते उरले आहे. आजोबांनी पुढे ह्युएन त्संगचा विषय काढला. सातव्या शतकात हा भिक्षू दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात येऊन गेला, आणि इथली माणसे उपकार करणाऱ्याचे उपकार विसरत नाहीत, अपमान करणाऱ्याला सोडत नाहीत, पण हल्ला करण्यापूर्वी शत्रूला तसे कळवतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. हे मी सांगितल्यावर आजोबा खूप हसले. माझा हात मात्र खिशातल्या पाकिटावर होता, आणि अपमानाच्या त्या ओळीपाशी मी जरा अडखळलो.

दुसऱ्या दिवशी ६ ऑक्टोबर. चिनी मध्य-शरद पौर्णिमा आणि आपली कोजागरी. बहुतेक वर्षी त्यांचा चंद्रोत्सव आपल्या कोजागरीच्या महिनाभर आधी येतो. त्या वर्षी त्यांच्या अधिक महिन्यामुळे दोन्ही एकाच रात्री आले. मालकांच्या गच्चीवर कमळबीजाचे सारण भरलेले मूनकेक मांडले होते. त्यांच्या पोटात खारवलेल्या अंड्याचा बलक असतो हे कळल्यावर आण्णांनी पपनसाच्या फोडींकडे मोर्चा वळवला. केशर-वेलदोड्याचे आटवलेले दूध नव्हते, पण चंद्रात ससा होता. आपण त्याच्यामुळे चंद्राला शशांक म्हणतो. त्यांचा ससा खलबत्त्यात औषध कुटतो, आणि २०१३ साली चंद्रावर उतरवलेल्या गाडीला त्यांनी त्याच सशाचे नाव दिले.

तिथे मी धीर करून दुभाषी मुलीला पाकीट दाखवले. ती हसली. ग्वांगडोंगमध्ये लग्नघरचे लोक पाकिटाचा कोपरा दुमडून परत देतात. आशीर्वाद घेतला, तो आत राहिला, पैसे तुमचे तुम्हाला. आमच्याकडे पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ असे छापतात आणि तरीही सगळे पाकीट आणतात, असे मी तिला सांगितले. तिने विचारले, मग ते घेतात का? मी म्हटले, घेतात.

आम्ही बँकॉकमार्गे परतलो आणि काही दिवसांतच कोलकात्याहून ग्वांगझोऊला थेट विमान सुरू झाल्याची बातमी वाचली. ते लाल पाकीट कुपवाडच्या ऑफिसात टेबलाच्या खणात आहे, कोपरा दुमडलेला, आत सहा नोटा. पुढच्या खेपेला खर्च करीन म्हणतो, पण तिकडे आता फोनवरच सगळे पैसे देतात, शंभराची नोट पुढे केली की दुकानदार सुटे शोधत बसतो. शेजारच्या खान्यात डिंकाचा डाग पडलेले गणपतीचे पाकीट आहे. रुपया आण्णांकडेच आहे.